नडगीवरची पट्टी सोडायची नाही

८ मार्च १९६८, शुक्र.

आज पुन्हा दोनदा घासली. सकाळी मायनं, दुपारी दवाखान्यात खेमराज ड्रेसरनं. दिवाळीत भरवेलीच्या रस्त्यावर सायकलवरून पडले नि पॅडल नडगीत घुसलं, तेव्हापासून माझ्या पायाला दोन मालक झालेत. माय निंबाच्या पानांचं कढत पाणी घेऊन बसते नि फडक्यानं असं घासते, जसा काही पाणी भरायचा पितळेचा गुंडच आहे. खेमराज टिंक्चर ओततो. मी बोंबलले तर म्हणतो, "जलेगा नहीं तो भरेगा कैसे, बहनजी?" दोघांचं एकमेकांशी पटत नाही, पण माझ्या नडगीवर एकमत.

जखम आहे तेवढीच. रुपयाएवढी. मध्ये ओली, चकचकीत.

शाळातपासणीचे साहेब आज मी शिकवते त्या वर्गावर आलते. भरवेलीची शाळा १ जुलैपासून मला देतो म्हणाले. मोठ्या बाईंची जागा! मग पायाकडे बघून, "तोवर नीट चालाल ना? नाहीतर हट्टा गावच्या शाळेतल्या बाई तयार आहेत." मी म्हटलं, चालेन काय, सायकलवर येईन. म्हटलं खरं. खाणकामगारांच्या पोरांची शाळा, मीच मागत होते दोन वर्षं. आता हा पाय.

१३ मार्च, बुध.

माय गोंदियाला गेली छोट्या रेल्वेगाडीनं. मावशीची सून बाळंत झाली. जाताना चार वेळा सांगितलं, "घासजो वं, आळस नको करू. घाण राह्यली का पाय जाईल." हौ म्हटलं. गाडी सुटल्यावर मला इतकं हलकं वाटलं की शरम वाटली.

१५ मार्च, शुक्र.

धुळवड. दवाखाना बंद. बाहेर रंग, ढोलक्या, चौकात मोठमोठ्यानं फागाची गाणी. मी दार लावून भजी तळून खाल्ली एकटीनं. पट्टी परवाची आहे. सोडली नाही. घासली नाही. कोण बघतंय!

१८ मार्च, सोम.

आज काय झालं ते नीट लिहायचं.

खेमराज सुटीवर, म्हणून नवीन डॉक्टर बाईंनीच पट्टी सोडली. नागपूरच्या आहेत, माझ्याच वयाच्या, बोलता बोलता हसतात. मी आधीच सांगून टाकलं, घासली नाही हो, रागवू नका. त्या वाकून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "इकडे वाका जरा. बघा तरी."

कडेकडेनं गुलाबी दाणे आलेले. मेथीच्या दाण्यांएवढेही नाहीत, पण आलेले! चार महिन्यांत पहिल्यांदा.

"रोज कोण साफ करतं?" सांगितलं. कपाळाला हात लावला त्यांनी. म्हणाल्या, "अहो बाई, जखमेतून हे पाणी येतं ना, ही घाण नाही. शरीरानंच त्यात काही काही घातलेलं असतं. आजूबाजूच्या पेशींना ते सांगतं, इकडे या, वाढा, नवी रक्तवाहिनी काढा. बाहेरच्या देशांत यावर लोक काम करताहेत. सगळं अजून कळलेलं नाही. पण तुम्ही आज जो निरोप आला तो उद्या सकाळी पुसून टाकता. मांस यायचं कसं?"

मी विचारलं, मग पू? "पू वेगळा. घट्ट, वास मारणारा, कडा लाल नि गरम. तसं दिसलं तर धावत या. हे पाणी राहू द्या. मिठाच्या उकळलेल्या पाण्यानं हलक्या हातानं धुवायचं, पट्टी बांधायची, चार दिवस सोडायची नाही."

घरी येईस्तोवर गुणगुणत होते. माझ्या नडगीत निरोप्ये फिरून राह्यले! यापुढे इथं 'नि.' लिहीन. 'नि.' म्हणजे निरोप्ये.

१९ मार्च, मंगळ.

माय आली. आल्याबरोबर चूल पेटवून निंबाची पानं टाकली. मी सांगितलं. डॉ. बाईंचं सगळं सांगितलं.

"म्हंजे माह्या हातानं तुही जखम सडली?"

तसं नाही म्हटलं मी, माय.

"मंग काय म्हणलं तू?"

पाणी अंगणात फेकून दिलं. रात्री जेवली नाही. ताटात वरणभात वाढून माझ्यासमोर ठेवला नि स्वतः तोंड फिरवून बसली.

२४ मार्च, रवि.

माय अजून बोलत नाही. भांडी मात्र इतकी घासून राह्यली की शेजारची म्हणाली, काय वो, लग्न आहे का घरी.

आज तिला घासताना बघत बसले. कळलं मला. गावी विहिरीवर हिला दूर उभं करत. पाणी वरून ओतत. जिथं गेली तिथं 'घाण' हा शब्द हिच्या आधी पोचलेला. म्हणून हिची चूल, हिचं अंगण, हिचं लुगडं नि हिच्या पोरीचा पाय, सगळं घासलेलं पाहिजे. कोणी बोट दाखवायला नको. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा पहिल्यांदा काय केलं तर सगळं घर धुऊन पुन्हा शेणानं सारवलं. नि मी तिला सांगते की ओलं राहू दे.

रडू आलं. तिच्याजवळ जाऊन बसले. तिनं मला मूठभर राख दिली, भांडी घासायला.

२८ मार्च

नि. कामावर! डॉ. बाईंनी पट्टी बदलली, दाणे मधोमध सरकलेत. खेमराज परत आलाय. लांबूनच म्हणतो, "बिना जलाए भर रहा है? कमाल है." टिंक्चरची बाटली हातात होतीच त्याच्या. मी पाय मागे घेतला.

३० मार्च, शनि.

ताप. हुडहुडी. दात वाजून राह्यले. पाय ठणकतो की अंगच ठणकतं कळत नाही. माय उशाशी बसली, सहा पदरी घडी करून कपाळावर ओलं फडकं. बोलली शेवटी. "पाह्य. म्हणलं होतं ना मी? इख चढलं पायाचं." डोळे भरलेले. "सोडू दे वं मले. एकदा सोडू दे. साफ करतो मी."

मला नाही म्हणायची ताकद नव्हती. खरं सांगायचं तर विश्वासही नव्हता. पाय गेला तर? डॉ. बाई चुकल्या असतील तर?

मायनं पट्टीला हात लावला. मग थांबली. "आपण बाईलेच आणू," म्हणाली, नि भर उन्हात अनवाणी निघून गेली.

३१ मार्च

डॉ. बाई कालच आल्या घरी, मायच्या मागं मागं. पट्टी त्यांनी सोडली. माय भिंतीला टेकून, पदर तोंडाशी.

जखम स्वच्छ. गुलाबी. वास नाही. बाईंनी बोटाच्या टोकाचं रक्त काचेवर घेतलं. आज सकाळी दवाखान्यात तपासून परत आल्या, मलेरिया निघाला!! आमच्या जंगलाची देणगी. पायाचा काही संबंध नाही. कडू गोळ्या दिल्यात. इतक्या कडू की जीभ काढून ठेवावी वाटते.

मायनं विचारलं, मंग इतका ताप काहून? बाई खाटेवरच बसल्या, चहा प्याल्या (माय कपाकडे बघत होती, बाईंनी आमच्या घरचा चहा घेतला म्हणून). म्हणाल्या, "ताप पण अंगच आणतं हो. रक्तातल्या पांढऱ्या पेशी काहीतरी सोडतात, ते डोक्याला जाऊन सांगतं, जाळ वाढव. निरोपच तो. वेळेवर आला तर बरा, थांबलाच नाही तर त्याचाच आजार होतो. सूज, सांधे धरणं, कितीतरी दुखण्यांत हीच गडबड असेल असं वाटतं. पुढंमागं कळेल."

माय सगळं ऐकून म्हणाली, "म्हंजे अंग बोलते."

"हौ," म्हणाल्या बाई. एवढ्या शिकलेल्या असून हौ म्हणाल्या!

१ एप्रिल

मायनं मध्येच विचारलं, भाकरी थापता थापता, "मी चार महिने पुसत राह्यली. ते सारं वाया गेलं का वं?"

म्हटलं, नाही माय. तू पुसत होतीस, अंग पुन्हा पाठवत होतं. थकलं नाही ते.

"तुह्या बापासारखं," म्हणाली नि हसली. बाबा रुसलेल्या मायला असेच पुन्हा पुन्हा समजवायला यायचे. बाबा गेल्यावर तिला इतकं मोठ्यानं हसताना पाहिलं नव्हतं. भाकरी करपली. दोघींनी करपलेलीच खाल्ली.

१४ एप्रिल, जयंती

मिरवणुकीत शेवटपर्यंत चालले! पांढरी साडी, निळी पट्टी खांद्यावर, पांढरी पायावर. माय माझ्या डाव्या बाजूनं चालत होती, कोणाचा धक्का लागू नये म्हणून. एका लेझीमवाल्याला तिनं असं ढकललं की तो बँडवाल्यांत गेला.

२ मे

आता नवीनच तऱ्हा. माय पट्टीची चौकीदार झालीये. मला पायाकडे बघूही देत नाही. शेजारची हळद घेऊन आली तर दारातून परत. आज तर डॉ. बाईंनी कात्री उचलली नि मायनं त्यांचाच हात धरला. "चार दिवस झाले नाही अजून. उद्या या." बाई मुकाट्यानं उद्या यायचं कबूल करून गेल्या! मी पोट धरून हसले.

१२ मे, वैशाख पौर्णिमा

विहारात खीर. जखम आता दोन आण्यांच्या चवलीएवढी. कडेनं नवी कातडी येते आहे, कांद्याच्या पापुद्र्यासारखी. नि. झिंदाबाद.

९ जून

फार उकडतं. पट्टीखाली खाज, खाज, खाज. बाई म्हणतात खाज म्हणजे चांगलं. खाजवायचं नाही. रूळ घेऊन बसले होते, मायनं हिसकावून घेतला.

साहेबांचा शिपाई आला. १ तारखेला दहा वाजता भरवेलीत हजर व्हा. नाही आलात तर जागा हट्ट्याच्या बाईंना. आता सायकलचं काय ते बघायला हवं.

३० जून, रवि.

शेवटची पट्टी सोडली. बाई, माय, मी, नि खिडकीशी खेमराज. भरलीये! नवी कातडी, चमकती, गुलाबी. मी बाईंना मिठीच मारली. पण मधोमध मोहरीएवढी ओल राहिलीये. बाई म्हणाल्या, "आणखी आठ-दहा दिवस. पॅडल नाही मारायचं, लांब चालायचंही नाही. कातडी कोवळी आहे, फाटली तर पुन्हा पहिल्यापासून." बस बारा वाजता जाते. साहेबांना दहा वाजता हजेरी पाहिजे. बैलगाडी कोणाची मिळत नाही, सगळे धानाच्या पेरणीत.

संध्याकाळी मी म्हटलं, मी मारणार पॅडल. हळू. माय म्हणाली, मारून दाखव. अर्धा तास भांडलो. शेजारी येऊन ऐकून गेले.

मग मायनं जवळ बसून नवी कातडी पाहिली. दिवाळीपासून पहिल्यांदा तिनं तिथं बोट ठेवलं, फडकं नाही. कडेनं हळूच फिरवलं. "मऊ आहे," म्हणाली. "झाली तवा सारीच अशी होती तू."

नि उठून अंगणात गेली. सायकल पुढं मागं ढकलून बघून राह्यली. काय करतेस, माय? तर म्हणे, "तू बस सीटवर, पाय वर घेऊन. मी ढकलतो. पहाटे निघू."

भरवेलीपर्यंत? हौ, भरवेलीपर्यंत. मोठ्या बाई पहिल्या दिवशी अशा येणार? पोरं हसतील, साहेब हसतील, खाणीतले लोक काम सोडून बघतील. "हसू दे," म्हणाली. "पोहोचलीस म्हंजे झालं."

ओल उद्या तेवढीच राहते की वाढते, मला माहीत नाही. मी नाही म्हणून पाहिलं. तिनं ऐकलं नाही, हँडल पुसून ठेवलंय, भाकरी बांधून ठेवल्यात. बसणार आहे मी.