कॅरव्हॅनवरचं रबर

बाबा, गेल्या आठवड्यात मी एका कॅरव्हॅनचं छप्पर बदललं. माझ्या स्वतःच्या. गाडीमागे जोडून वाळवंटात मुक्कामाला न्यायची, आत दोन पलंग आणि हातभर ओटा असलेली, एका अरबाने कंटाळून विकलेली जुनी कॅरव्हॅन. अशा गाड्या तुम्ही जन्मभर दुसऱ्यांसाठी बांधल्यात, दुरुस्त केल्यात. एकीतही कधी झोपला नाहीत. तुम्ही जाऊन इतका काळ लोटला की चेहरा आठवायला आता फोटो बघावा लागतो. आवाज मात्र आपला आपण येतो. छपरावर होतो तेव्हा दिवसभर येत होता, म्हणून लिहितोय. माया दाटून आली असं समजू नका.

इथे आखातात, रास अल खोरच्या वर्कशॉपमध्ये तुम्ही मला कामाला आणलंत, तेव्हा आईने गावात पेढे वाटले होते. पोरगा बापाच्या हाताखाली चाललाय, आता काळजी नाही, असं ती घरोघरी सांगत होती. पहिल्याच सकाळी शेडमध्ये मी तुम्हाला "बाबा" अशी हाक मारली. तुम्ही वळलात आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "इधर कोई किसी का बाप नहीं. फोरमन बोलने का." हिंदीत म्हणालात, म्हणजे मल्याळी वेल्डरलाही कळावं. तो हसला. तुम्हीही हसलात. काम शिकवलंत, ते नाकारत नाही. पाणी आत येऊ नये म्हणून छपरावर चिकटवलेलं जुनं रबर प्लायवूडवरून सोलायचं, कुजलेलं प्लायवूड कापून नवीन बसवायचं, स्क्रूचं एकही डोकं वर राहू द्यायचं नाही. नव्या रबराची गुंडाळी आधी उलगडून उन्हात पसरून ठेवायची. "घड्या विसरू देत त्याला," म्हणायचात. मग अर्धं रबर दुमडायचं, खाली गोंद लावायचा, परत पसरायचं आणि झाडूने मधून कडेकडे दाबत न्यायचं. हवा राहिली, फुगा आला, की त्याच झाडूचा दांडा माझ्या पाठीत. रबराला जेवढं सांभाळून घ्यायचात, तेवढं तुम्ही माणसाला घेतलेलं मी पाहिलं नाही.

एका थंडीत मोठ्या गिऱ्हाइकाची कॅरव्हॅन आली. रबर मी टाकलं, कडा मी बसवल्या. छपरातल्या हवेच्या झरोक्याभोवतीच्या फटीत सीलंट तुम्ही स्वतः भरायला घेतलंत, आणि नेमक्या छपराच्या सीलंटच्या नळ्या संपल्या. गिऱ्हाईक गेटवरून "यल्ला, यल्ला" करत घाई लावत होतं. तुम्ही बाथरूमचं सिलिकॉन उचललंत आणि मारलंत. सिलिकॉन रबराला धरत नाही, हे मला तुम्हीच सांगितलेलं. मी नुसता तुमच्याकडे बघत राहिलो. "बघतोस काय? खलास. उतर खाली," म्हणालात. त्याच थंडीत पाऊस झाला. उन्हाळ्यात गाडी परत आली तेव्हा आतल्या छताला तपकिरी डाग पडले होते, गाद्यांना कुबट वास मारत होता. आपण दोघं वर चढलो, मॅनेजर खाली उभा. "किसने किया ये?" त्याने विचारलं. झरोक्याभोवतीचं सिलिकॉन तुम्ही नखाने उचकटलंत, ते अख्खं पट्टीसारखं सुटून हातात आलं. एका हातात ती पट्टी धरून दुसऱ्या हाताने तुम्ही माझ्याकडे बोट दाखवलंत.

मॅनेजर शिव्या देऊन गेला असता, तेवढ्यावर भागलं असतं. तुम्ही त्याच्यासमोर स्वतः खाली उतरलात, शिडी काढलीत आणि शेडमध्ये नेऊन ठेवलीत. "अख्खं रबर सोल. तोवर खाली यायचं नाही." ऑगस्टची दुपार. गुडघा टेकला की पँटमधून चटका बसतोय, तळहात टेकला की कातडी रबराला चिकटतेय. मी एका पायावरून दुसऱ्या पायावर होतोय आणि वाकून सोलतोय. खाली सावलीत खुर्चीवर बसून तुम्ही सुलेमानी चहा पिताय. "बाबा, पाणी द्या." तुम्ही वरही बघत नाही. "फोरमन म्हण." मी फोरमन म्हटलं, बाबा. मोठ्याने म्हटलं. तरी तुम्ही पाणी दिलं नाहीत.

श्रीवर्धनकडचे एक म्हातारे सुतार होते, सगळे त्यांना चाचा म्हणायचे. त्यांनी कोणाला न विचारता शिडी आणून लावली आणि पाण्याची बाटली घेऊन चढायला लागले. तुम्ही खुर्चीवरून म्हणालात, "चाचा, तुम्हाला फार कळवळा आलाय?"

"फोरमन, पोरगा मरेल वर. तुमचाच आहे ना तो?"

"माझं मी बघतो. तुम्ही तुमचं बघा."

मी उतरलो. चाचांनी माझ्या हातांवर पाणी ओतलं. पुढच्या पगाराच्या आत त्यांचा व्हिसा कॅन्सल झाला. ते बॅग घेऊन गेटपाशी उभे होते तेव्हा तुम्ही त्यांच्याशी हात मिळवलात आणि म्हणालात, "इन्शाल्ला, परत भेटू." एवढं थंडपणे खोटं बोलणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

छपरावरच्या त्या दिवशीच संध्याकाळी तुम्ही माझ्या खोलीवर आला होतात. दार लावलंत. मी फोड आलेले हात मांडीवर ठेवून बसलो होतो आणि वाट बघत होतो. सगळ्यांसमोर नको, निदान बंद दाराआड एवढंच म्हणाल, की सिलिकॉन माझं होतं. तुम्ही हात बघितलेत. "ग्लोव्हज घालायचे असतात," म्हणालात. मग पंख्याकडे बघून, "हा आवाज का करतो?" आणि गेलात. तुमच्या तेराव्याला पंगतीत लोक म्हणत होते, माणूस कडक, पण मनाने लोण्यासारखा. मी त्यांना भात वाढत होतो. कोणाचं पान रिकामं राहू दिलं नाही.

तर माझी कॅरव्हॅन. रबर कडांना वाळून तडकलं होतं. भाड्याच्या यार्डात उभी करून सुट्टीच्या दिवशी मी एकट्याने सगळं सोललं. नवीन रबर पसरायला मात्र मुलीला वर घेतलं. ती ऊद मेथाला शाळेत जाते, मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते. "इट्स लाइक अ बेडशीट, डॅड," म्हणाली. तिने तळहात टेकला आणि चटकन मागे घेतला. फेब्रुवारीचं कोवळं ऊन, तरीही. मी तिला लगेच खाली पाठवलं, थंड ज्यूस प्यायला सांगितलं. बाकीचं झाडूने मीच दाबत नेलं, मधून कडेकडे. झरोक्याभोवती योग्य तेच सीलंट भरलं.

गोंद वाळल्यावर मी वरून पाइपने पाणी सोडलं आणि तिला आत पलंगावर उताणं झोपवून छताकडे बघायला सांगितलं. मी पाणी ओततच राहिलो. आतून तिचा आवाज आला, "नथिंग! नॉट अ ड्रॉप!"

बाहेर येऊन ती छपराकडे बघत राहिली. "डॅड, सीरियसली, हू टॉट यू धिस?"

तिने तुम्हाला पाहिलेलं नाही. हॉलमधला हार घातलेला फोटो, एवढेच तुम्ही तिला माहीत.

"यूट्यूब," मी म्हणालो.

"नाइस," ती म्हणाली.

तिच्यापुरते तुम्ही तिथे संपलात. मला बरं वाटलं, अजूनही वाटतंय. हे पत्र मात्र ठेवता येणार नाही, आजच फाडून टाकायला हवं. तिच्या हाती लागलं, तर तिला कळेल की मी एकही व्हिडिओ पाहिला नव्हता.