सौरवात आणि टेलरमास्तरांचे गुडघे

ती. मावशीस,

साष्टांग नमस्कार. तू चष्मा शोधेपर्यंत नमस्कार पोचला असं धरतो. ब्लडप्रेशर कसं आहे? काकांना ऐकू येतं का? (येत असेल तर हे पत्र मोठ्याने वाचू नकोस.)

इकडे सगळं ठीक. आमचं यान सूर्याकडे निघालं आहे आणि त्यावरच्या सौरवात मोजणाऱ्या यंत्राचं काम माझ्याकडे आहे. सौरवात म्हणजे सूर्यापासून चहूकडे सुटणाऱ्या सूक्ष्म कणांचा वारा, हे मी तुला दोनदा सांगितलं होतं. तू त्यातला 'सौर' गाळलास आणि 'वात' तेवढा जपून ठेवलास. टेलरमास्तरांकडे त्यांच्या धाकटीसाठी माझं नाव काढताना म्हणालीस, भाचा वातावर काम करतो, मोठ्या ठिकाणी. ती मुलगी मला मनापासून आवडते हे तुला ठाऊकच आहे. मास्तरांचे गुडघे धरतात हे मला ठाऊक नव्हतं.

मंगळवारी मास्तर एक्स-रे घेऊन आमच्या नियंत्रण कक्षात हजर. आम्ही सगळे पडद्यासमोर श्वास रोखून बसलेलो, कारण तिकडे यंत्राचं झाकण उघडत होतं. मास्तरांनी खुर्ची ओढली आणि पँट गुडघ्याच्या वर दुमडली (घडी मात्र इस्त्री केल्यासारखी, हाताची सवय). मी म्हटलं, हा वात म्हणजे वारा हो. ते म्हणाले, "वाऱ्यानंच तर धरतात." मग सांगू लागले, थोरला जावई कसले तरी लांबचे आकडे मोजतो, घरात काडीचा उपयोग नाही, म्हणून धाकटीला कामाचा माणूस बघतोय. हे ऐकल्यावर मी उठून आकड्यांनी भरलेल्या पडद्यासमोर आडवा उभा राहिलो. तेवढ्यात आमचे साहेब आले. पाहुणे म्हटल्यावर त्यांना चेव चढला आणि त्यांनी यानाची ढाल समजावून सांगितली: ढाल उन्हात, मागचं सगळं सावलीत. मास्तर मन लावून ऐकत होते. ते पथ्य समजून ऐकत होते, हे मला उशिरा कळलं.

आता ते रोज सकाळी गॅलरीत छत्री धरून बसतात. गुडघे उन्हात, बाकीचे मास्तर सावलीत. आणि मावशी, गुडघे खरंच सुधारलेत. जिना चढतात, दुकानात येईल त्याला माझा पत्ता देतात. आज ऑफिसच्या फाटकावर तिघं जण आपापले गुडघे घेऊन उभे होते. पहारेकरी मला डॉक्टर म्हणू लागला आहे.

तुझा भाचा

ता. क. खरं काम हे की, घोळ तू घातलास तर मास्तरांना खरं काय ते तूच सांग. मला धीर होत नाही. ती हातची जाईल या विचाराने जेवण जात नाही, आणि थापेवर लग्न केलं तर तिच्या नजरेला नजर कशी देऊ?

ता. क. २ थांब, काही सांगू नकोस. पाकीट चिकटवताना ती आली, मी सगळं ओकून टाकलं. तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. बाबांच्या गुडघ्यांना रोज संध्याकाळी तीच तेल चोळते, माझ्या ऑफिसातून आलंय असं सांगून. तिनं तुला निरोप दिलाय, चोळून चोळून हात भरून आलेत, लग्नाची तारीख जवळची बघा.