हिरव्या गोळ्या पाठवत नाही

नेरुळ,
२१ नोव्हेंबर १९९६

प्रिय सुचू,

काल दुपारी तुझं पत्र आलं आणि संध्याकाळी मी कोपऱ्यावरच्या एस.टी.डी. बूथमधून तुमच्या शेजाऱ्यांच्या नंबरवर फोन केला. तू धावत आलीस, तुला लागलेला दम ऐकू येत होता. आणि मी विचारलं काय, तर कराडला थंडी पडली का! "ताई, एवढ्यासाठी फोन केलास?" असं तू म्हणालीस, मी हसले आणि फोन ठेवला. मागे माणसं उभी होती म्हणून बोलता आलं नाही, असं घरी येईपर्यंत मी स्वतःला समजावत होते. पण बूथ रिकामा असता तरी माझ्या तोंडून शब्द फुटला नसता. म्हणून लिहितेय.

तुझ्या दिनानाथदाजींचा ताप तुला माहीत आहे. गेल्या वर्षीच्या दिवाळीत टायफॉइड झाला, औषधांनी उतरला, हे पावणे गावातल्या रंगाच्या फॅक्टरीत परत कामावर जायलाही लागले. पण महिन्याभरात रोज संध्याकाळी अंग कोमट लागायला लागलं, खोकला सुरू झाला. स्टोअरमध्ये रंगाची भुकटी उडते, त्याचाच खोकला, असं हे म्हणायचे. आमच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला आणि थुंकी तपासायला सांगितली. फेब्रुवारीत रिपोर्ट आणायला मी एकटीच गेले. आमच्या गीतांजलीच्या साखरपुड्याला तेव्हा नऊ दिवस राहिले होते. घरी आले तर हे दारातच उभे. "काय निघालं गं?" मी म्हटलं, "काही नाही. टायफॉइडच अंगात मुरलाय, ताकद भरून आली की जाईल." किती हलके झाले ते! त्याच दिवशी बाहेर जाऊन श्रीखंड घेऊन आले.

दुसऱ्या दिवसापासून मी कंबर कसली. तिसऱ्या मजल्यावरच्या सुमित्राबाई पौष्टिक पावडरींचे डबे आणि शेवाळाच्या हिरव्या गोळ्या विकतात. त्या म्हणाल्या, जंतू कुठेतरी दडून बसलेला असतो, रक्त शुद्ध झालं की तो उपाशी मरतो. मला ते पटलं. खरं सांगू, मला पटायलाच हवं होतं. बाल्कनीत ट्रे मांडून गहू पेरले, अंकुर वीतभर झाले की कापून त्यांचा रस. पहाटे उठून लसूण ठेचून मधात, गुळवेलीचा काढा, दुपारी पावडर, संध्याकाळी गोळ्या. शाळेच्या वेळापत्रकासारखा तक्ता करून फ्रिजवर लावला होता. हे एका शब्दाने कुरकुरले नाहीत. रस पिताना तोंड वाकडं करायचे आणि म्हणायचे, "जयू, आता मला शिंगं फुटतील." एप्रिलमध्ये वजन सव्वा किलोने वाढलं तेव्हा मी वजनकाट्यासमोर उभी राहून रडले. वाटलं, जिंकलो.

म्हणून तर मे महिन्यात तू तुझ्या सईला आमच्याकडे ठेवू का विचारलंस तेव्हा मी लगेच हो म्हटलं. तीन आठवडे होती पोरगी. घर कसं भरून गेलं होतं! पंख्याखाली आम्हा दोघांच्या मध्ये झोपायची, यांच्या गळ्यात हात टाकून गोष्ट ऐकायची. गोष्ट सांगताना यांना खोकल्याची उबळ आली की तीच त्यांची पाठ चोळायची. तू न्यायला आलीस तेव्हा यांनी तिला रिक्षापर्यंत कडेवर नेलं होतं, आठवतं? सात वर्षांची घोडी.

पावसाळ्यात सगळं उलटलं. रात्रभर घाम, सकाळी बनियन पिळावं लागायचं. वजन बावन्नवरून चव्वेचाळीसवर आलं. मी गोळ्या दुप्पट केल्या. कुणीतरी सांगितलं म्हणून नावड्याच्या एका निसर्गोपचारवाल्याकडे नेलं. त्याने पोटावर मातीच्या पट्ट्या ठेवायला सांगितल्या आणि भात-पोळी बंद केली. फक्त फळं आणि रस. सुचू, हाडं मोजता येतील अशा माणसाला मी अकरा दिवस जेवायला दिलं नाही. मला गुळवेल आणून देणारी उरणकडची बयाबाई त्या सुमारास आली होती. पाटी खाली ठेवून ती यांच्याकडे बघतच राहिली. मग मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, "बाय, यो ताप माजे पाल्यानं जानारा नाय हाय. मालकांना मोठे दवाखान्यान ने." त्या दिवशी तिने मला गुळवेल दिली नाही. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईला जे एका नजरेत कळलं, ते मला कळत नव्हतं असं नाही. मी तिच्यावरच चिडले. पुढच्या खेपेला दुसरीकडून गुळवेल आणली.

ऑक्टोबरच्या शेवटी एका सकाळी यांच्या खोकल्यातून बेसिनमध्ये रक्त पडलं. गीतांजलीने पाहिलं. तिने मला विचारलंसुद्धा नाही, रिक्षा बोलावली आणि वडिलांना धरून खाली नेलं, मी मागून धावत. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "याआधी थुंकी तपासली होती?" हे चटकन म्हणाले, "हो, फेब्रुवारीत. रिपोर्ट स्वच्छ होता." मी खाली बघत होते. बाईंनी रिपोर्ट मागितला. आणि तो माझ्या पर्समध्येच होता गं. घरात कुठेही ठेवला तरी सापडेल या भीतीने आठ महिने मी तो बरोबर घेऊन फिरत होते. काढून टेबलावर ठेवला. टीबी. फेब्रुवारीपासून टीबी. मुलाकडच्यांना कळलं तर साखरपुडा मोडेल, एवढंच त्या दिवशी डोक्यात होतं. म्हटलं, नऊ दिवस जाऊ देत, मग सांगू. मग म्हटलं, लग्न होऊ दे. तोवर रसाने, गोळ्यांनी बरे झाले तर सांगायलाच नको.

यांनी रिपोर्ट उचलून वाचला. मग म्हणाले, "मला तरी सांगायचंस, जयू. मी कुणाला सांगितलं असतं?" बस, एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं. आता औषधं सुरू होऊन तीन आठवडे झालेत. ताप उतरलाय. परवा त्यांनी वरण-भात मागून घेतला. पण उजवं फुप्फुस बरंच खराब झालंय, पहिल्यासारखं होणार नाही असं बाई म्हणाल्या. गीतांजलीने मुलाकडे जाऊन स्वतः सगळं सांगितलं. त्यांच्याकडून अजून काही निरोप नाही. ती माझ्याशी कामापुरतं बोलते.

आणि आता जे सांगायचं आहे ते. यांना फोटो काढायला आत नेलं होतं, गीतांजली केसपेपर करायला गेली होती, तेव्हा बाईंनी मला विचारलं, "या वर्षात घरात कुणी लहान मूल राहिलं होतं का?" आणि मी म्हटलं, "नाही." तुझ्या नजरेतून उतरेन म्हणून म्हटलं. सई कराडला आहे, ठणठणीत आहे, असं स्वतःला सांगत तीन आठवडे गप्प बसले. काल तुझं पत्र आलं. सईला महिनाभर संध्याकाळी कणकण येते, मानेला सुपारीएवढी गाठ आलीय, जेवत नाही. तू लिहिलंस, "तू सांगितलास तोच काढा सुरू केलाय, दाजींना ज्यांचा गुण आला त्या हिरव्या गोळ्या पाठव." पत्र माझ्या हातातून गीतांजलीने घेतलं आणि वाचलं. बाईंशी खोटं बोलले तेही मी पहिल्यांदा तिच्यासमोर कबूल केलं. ती म्हणाली, "मावशीला मी सांगणार नाही. तू लिही, मी पहाटेच्या गाडीने नेऊन देते." ती आत्ता तुझ्यासमोर उभी असेल. सुचू, काढा ओतून दे. सईला आजच डॉक्टरकडे ने आणि पहिलं वाक्य हेच सांग की मे महिन्यात ती टीबीच्या माणसाजवळ तीन आठवडे झोपत होती. ते हातावर सुई टोचून बघतील, छातीचा फोटो काढतील. तोच आजार निघाला तरी औषधाने पूर्ण बरा होतो, बाईंना मी आज सकाळी जाऊन खरं सांगून विचारून आले. औषध महिनोन्‌महिने घ्यावं लागतं, एक दिवसही चुकवायचं नाही. माझ्यावर चिडायला, माझं तोंड न बघायला तुला पुढे सारं आयुष्य आहे. गीतांजलीला चहा विचारत बसू नकोस. सईच्या अंगात स्वेटर घाल आणि निघ.

तुझीच, पण हे म्हणायचा हक्क उरलाय की नाही ते तू ठरवायचंस,
जयाताई