पुसलेल्या काळ्या रेषा

मंगळवार, संध्याकाळ

आज सकाळी मी ह्यांचं कालचं सगळं काम पुसून टाकलं. तेही अगदी मन लावून.

मला बेल ऐकू येत नाही. बेल वाजली की हे उठून येतात, खांद्यावर हात ठेवतात, मग मी दार उघडते. म्हणून ह्यांनी घरीच सर्किट करायला घेतलंय. बेल वाजली की ओट्यापाशी दिवा लागणार. मानपाड्याच्या कारखान्यातून रिटायर झाले, पण हातांना चैन नाही.

काल माझ्याच इस्त्रीने कागदावरची प्रिंट तांब्याच्या पत्र्यावर उठवली होती. नुसत्या काळ्या रेषा. मागच्या खेपेला असंच काळं ह्यांनी नेलपॉलिश रिमूव्हरने पुसलेलं मी पाहिलेलं. म्हटलं, तेवढीच मदत. पत्रा चकचकीत केला.

दिवा घेऊन हे खोपटच्या दुकानातून आले. पत्रा उचलून उलटसुलट पाहिला. मग समोर येऊन सावकाश म्हणाले, "अगं, पुसायचं ते ॲसिडमधून काढल्यावर. काळ्याखालचं तेवढंच तांबं टिकतं, बाकीचं ॲसिड खातं." रागावले नाहीत. दुसरी प्रिंट होती, पुन्हा इस्त्री तापवली. हा पत्रा ॲसिडमधून निघाल्यावर कापूस माझ्याच हातात दिला. "आता पूस."

पुसलं. खालून तांब्याच्या रेषा निघाल्या, केसाएवढ्या बारीक.

उद्या दिवा लागेल. मग खांद्यावर हात ठेवायला कशाला उठतील हे?

सकाळी पुसताना असलं काही माझ्या मनात नव्हतं. आता आहे.