दोनदा वाचलेली पत्रं

अप्पा, तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण परवा सकाळी साताऱ्यात माझ्या दारात एक म्हातारा गोरा माणूस काठी टेकून उभा राहिला आणि त्याने माझ्या धाकट्या भावाचं नाव घेतलं, म्हणून हे लिहिते आहे. चाळीस वर्षांत या घरात ते नाव कुणी उच्चारलं नव्हतं. मी त्याला आत घेतलं आणि आधी दार लावलं. मुख्याध्यापिका म्हणून आयुष्यभर दुसऱ्यांना धाक दाखवला, पण माझी स्वतःची भीती काही गेली नाही.

दुसरं महायुद्ध संपल्यावर मिरजेला आपल्या दुकानात तंबोरे न्यायला आलेल्या नाचाच्या कंपनीबरोबर धाकटा विलायतेला गेला. वाद्यांची देखभाल करायची, एवढंच काम होतं. निघताना तुम्ही त्याला तुमची जवारीची, म्हणजे तंबोऱ्याचा सूर खुलवायची, कानस दिलीत. ती तुम्ही कधी कुणाला हातात धरू दिली नव्हती. तुमच्या दोन्ही डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू झाले होते. दवाखाना हाकेच्या अंतरावर होता, तरी तुम्ही म्हणायचात, "हातांना दिसतंय, तेवढं पुरे." म्हणून त्याची पत्रं वाचायचं काम माझ्याकडे आलं. मी सांगलीला कॉलेजात होते. घरी आले की भुसा झटकून चटईवर बसायचं आणि सगळ्या कारागिरांसमोर मोठ्याने वाचायचं.

चाचा, आपला सगळ्यांत जुना कारागीर, तंबोऱ्याचा भोपळा घासता घासता विचारायचा, "आक्का, तिकडं भोपळं पिकत्यात का न्हाई?" मग दुसरा म्हणे, "तिकडं मडमा नाचत्यात गड्या, भोपळं कोन बघतंय?" सगळे हसत. पत्रांत मखमली पडदे असत, फरचे कोट घातलेल्या बायका असत, एक मोठा चित्रकार असे. त्या चित्रकाराने तंबोरा मांडीवर घेतलेल्या धाकट्याचं चित्र काढलं आणि ते बघायला लोकांची रांग लागली, असंही एकदा होतं. तुमचा चेहरा त्या दिवशी मी पाहिला आहे.

पण तुमची रीत होती. तारांखालच्या घोडीवर कानस फिरवून तारेचा आवाज खुलवायचा, तो ऐकायचा, आणि दुसऱ्या दिवशी ताज्या कानांनी पुन्हा ऐकायचा. "जवारी एका ऐकण्यात कळत नाही," असं म्हणायचात. पत्रांनाही तुम्ही तोच नियम लावलात. पहिलं वाचन सगळ्यांसमोर, दुसरं दुसऱ्या सकाळी तुमच्या एकट्यासाठी.

मग एक पत्र आलं, तेही मी पहिल्यांदा उघडलं सगळ्यांसमोरच. पहिल्या चार ओळी वाचल्या आणि पुढे मी थांबले. त्याने लिहिलं होतं, 'मी ज्याच्याकडे राहतो तो चित्रकार माझा नुसता मित्र नाही. आम्ही लग्न झाल्यासारखे राहतो. इथे हा गुन्हा आहे. आमच्यातल्या एकाची डायरी पोलिसांच्या हाती लागली आहे आणि ते एकेकाला उचलताहेत. कालपर्यंत जे आम्हाला मेजवान्यांना बोलवत होते ते आता ओळख दाखवत नाहीत. अप्पांना सगळं वाचून दाखव. हे कळूनही ते ये म्हणाले, तर मी पहिल्या बोटीने येतो.'

चाचा म्हणाला, "का थांबलीस गं?" मी म्हणाले, अक्षर लागत नाही. आणि कागदाकडे बघत वाचलं की डिसेंबरपर्यंत खेळ लागले आहेत, यंदा येणं जमणार नाही.

दुसऱ्या सकाळी तुम्ही घोडी समोर घेऊन बसला आहात. मी वाचते आहे. नको त्या ओळी येतात, मी त्यांच्यावरून उडी मारते आणि म्हणते, मार्चपर्यंत खेळ लागले आहेत. तुमचा हात थांबतो. काल मी डिसेंबर म्हटलं होतं, हे मला तुमची बोटं पाहून आठवतं. तुम्ही एवढंच म्हणता, "बरं. पुढं वाच."

चार दिवसांनी तुम्ही म्हणालात, "त्याचा इंग्रजी पत्ता घातलेलं एक पाकीट दे." आत काय घातलंत ते मला दाखवलं नाहीत. डिंक होता, तरी पाकीट तुम्ही सरसाने चिकटवलंत, तंबोऱ्याला लावतो त्या सरसाने, आणि टाकायला माझ्याच हातात दिलंत. सांगली स्टेशनाबाहेरच्या टपालपेटीपाशी मी दोन गाड्या जाऊ दिल्या. आत 'येऊ नकोस' असेल तर तो जीव देईल, असं मी स्वतःला सांगितलं. ते खोटं होतं. मला भीती 'ये'ची होती. तो आला असता तर मिरजेत बोभाटा झाला असता, कॉलेज सुटलं असतं, तुमच्या दुकानाची पायरी कुणी चढलं नसतं. पाकीट मी पुस्तकात ठेवलं आणि त्याला स्वतः लिहिलं, अप्पांची तब्येत नाजूक आहे, सध्या येऊ नकोस.

त्याला पुढच्याच महिन्यात धरलं. तुरुंगात छातीचं दुखणं झालं. तो गेल्याची तार आली ती मी तुम्हाला एकदाच वाचून दाखवली. दुसऱ्यांदा वाच, असं तुम्ही म्हणाला नाहीत.

परवा आलेला माणूस म्हणजे तो चित्रकार. त्याने फक्त एक विचारलं, वडिलांनी कधी उत्तर दिलं होतं का? मी ट्रंकेतून ते न टाकलेलं पाकीट काढलं आणि त्याच्यासमोर सुरीने उघडलं. तुमच्या ओळी एकमेकींवर चढल्या होत्या. 'आक्का काही गाळते आहे. असेल ते असो. जसा आहेस तसा ये. तिला बोलू नकोस, ती घाबरली आहे.'

मी त्याला इंग्रजीत सांगितलं, जसा आहेस तसा ये. त्याने डोळे पुसले आणि म्हणाला, पुन्हा वाचा, तुमच्या घरी दोनदा वाचतात असं तो सांगायचा. मी पुन्हा वाचलं. या वेळी दोन्ही वाचनं तंतोतंत जुळली. माझ्याबद्दलच्या ओळी मी दोन्ही वेळा गाळल्या.

त्याला दिलं ते असं: तुमची चिठ्ठी, आणि धाकट्याची सगळी पत्रं. तिकडे कुणी मराठी जाणणारा भेटला तर या चित्रकाराला सगळं कळेल, मी गाळलेलंही. त्याने मला दिली तुमची कानस, रुमालात गुंडाळलेली. पाकीट मात्र मी ठेवून घेतलं. त्यावरच्या पत्त्याचं अक्षर माझं आहे.