रांगोळीनं दाखवलेली गळती

३ नोव्हें., सोमवार
आजबी वास. ओसरीत द.ची गाडी अन् चार हातांवर माझी चूल. काडी ओढायला हात धजेना, चहा उशिरा. द. म्हणतो, "माय, पेट्रोलच्या गाडीला पेट्रोलचाच वास येणार. अत्तराचा कुठून आणू?" बोलून मोकळा. त्याच गाडीवर रोज पूर्णेला कामाला जायलाय, तापल्या इंजिनावर बसून. भडकली म्हंजे?
(मी सांगायले, सून सुनंदा लिहायली. माझ्या लेकाचं, म्हंजे तिच्या नवऱ्याचं नाव कागदावर घालायला लाजते, म्हणून नुसतं द.)

४ नोव्हें.
पेडगावच्या मिस्त्रीनं टाकीखालची नळी बदलली, पेट्रोल चालू-बंद करायचा कॉकबी नवा. "आजी, आता निवांत ऱ्हावा." बरं बाबा. वास गेला, पण निवांत कसलं? दिवसभर गाडीभोवती नाक फुगवून फिरले. सून तोंडाला पदर लावून हसली. हसू दे.

९ नोव्हें., रविवार
आला. तोच वास. खाली डाग न्हाई, थेंब न्हाई, जमिनीवर पडायच्या आत उडून जायलाय. द. म्हणतो, "आता तुझं नाकच बदलून आणतो."
सून अंगणात रांगोळी काढत होती. डबा ओढून घेतला, कोरडी पूड टाकीच्या बुडाला, कॉकला, नळीला फासली. द. ओरडला, "गाडीचं लगीन लावायलीस का?" जरा थांबून बघितलं. टाकी कोरडी. कॉक कोरडा. नळीवर मधीच पूड भिजून करडी. तिथंच बारीक तार करकचून आवळलेली. तारंला लिंबू-मिरची.
का थांबलीस? लिही गं.

१० नोव्हें.
द. कामावर गेल्यावर सून बोलली. पाथरीच्या वळणावर द. पडला, तवापासून दर शनवारी बांधते. "आत्याबाई, हँडलला बांधलं की शेळी खाते. म्हणून आत बांधलं. ह्यांना दिसलं तर हसतेत." गाडी हादरली की तार नळीत रुतायची. मिस्त्रीनं जुन्या नळीसंगं लिंबू फेकलं, हिनं शनवारी नव्या नळीला नवं बांधलं.
म्हणलं, "माझ्या लेकाला वाचवायला निघालीस अन् पेटवून देत होतीस की!" गमतीनं म्हणलं. हे लिहिताना तिनं दोनदा पेन खाली ठेवलं. मग मीच म्हणलं, पुरं आज.

११ नोव्हें.
परत नवी नळी. द. मिस्त्रीला वाट्टंल ते बोलून आला, "नळी कच्ची दिलीस." आमी दोघी भाकरीकडं बघत बसलो. बिचारा मिस्त्री.

१५ नोव्हें., शनिवार
रांगोळी फासून बघितली. कोरडी. द. म्हणाला, "झाली का पूजा? जाऊ का?" सून दारात, पदराखाली लिंबू. मला डोळ्यानंच इचारायली, कुठं बांधू. मी हँडलकडं बघितलं, नळीकडं बघितलं. तेवढ्यात गाडी गेली.
लिंबू चुलीजवळ पडलंय. असल्या गोष्टी मी जन्मात मानल्या न्हाईत. तरी चारदा उचलून बघितलं, सुकलं का म्हणून.
दिवस कलला. एरवी या वक्ताला द. घरी असतो. वास न्हाई, काही न्हाई, तरी चूल पेटवली न्हाई अजून.
"आत्याबाई, गाडीचा आवाज आला का?"
मला काय इचारतीस. ठेव ते लिहिणं, रस्त्यावर जाऊन बघ.