यांना सिनेमा सांगताना

३ जानेवारी
झालं! लेकीने कुठूनसा तो जुना हंगेरियन सिनेमा मिळवून पाठवला. यांचा लाडका. डोळे जाऊन दोन वर्षं झाली, पण हौस आहे तशीच. "तू सांग, मी बघतो," म्हणे. यांच्या फिल्म क्लबात मी शेवटच्या रांगेत घोरायचे, ते विसरले वाटतं.

४ जानेवारी
काय सांगू, कपाळ? गोठलेलं शेत. एक म्हातारा-म्हातारी जमिनीतून बीट उकरताहेत. उकरताहेत. अजून उकरताहेत. हे विचारतात, पुढे? उकरताहेत, म्हटलं. आभाळ कसं आहे? काळा-पांढरा सिनेमा, आभाळ कसं असणार — राखाडी! कुठला राखाडी, म्हणे. उठून दूध तापवून आले. तरी ती दोघं तिथेच.

५ जानेवारी
आज चढ. बिटांचं पोतं ओढत दोघं साखर कारखान्याकडे निघालीत; तिकडे साखर बिटाची करतात म्हणे. बोलणं नाही, काही नाही. मोठ्या मुश्किलीने म्हातारी एकदा "थांब" म्हणाली. खाली अक्षरं आली, ती वाचली. तर हे म्हणतात, बातम्यांसारखं वाचू नकोस, ती दमलीये.
आणि मी? फिरायला चला म्हटलं की नको. नणंदेकडे चला, नको. दिवसभर खुर्ची, आणि आता हे पोतं.

६ जानेवारी
आज डोकंच फिरलं. कारखान्याचं फाटक बंद, बाहेर दोघं थंडीत उभी, आणि ते काही केल्या संपेना. खोटंच ठोकून दिलं — फाटक उघडलं, रखवालदाराने आत घेतलं, शेकोटीपाशी बसवलं, म्हातारी हसली, संपला सिनेमा. आणि बंद केला.
हे म्हणाले, "फाटक उघडत नाही गं. पाठ आहे मला हा सिनेमा."
लाजेने मेल्यासारखं झालं. मग तितकाच संताप. पाठ आहे तर माझा जीव का खाता?
"तुला काय दिसतं ते ऐकायचं होतं."
मी ताडकन उठून आत गेले. भांडी आपटली.

७ जानेवारी
बोलले नाही. तेही नाहीत.

८ जानेवारी
सिनेमा लावू का, मीच विचारलं. नको म्हणाले. शेजारी बसवून घेतलं.
"तुझं सांग. कशी दिसतेस आता?"
दोन वर्षांत पहिल्यांदाच विचारलं. केस सगळे पांढरे झालेत, म्हटलं. रंगवत नाही मी.
"कधीपासून?"
तुमचे डोळे गेल्यापासून.